पांढऱ्या रंगाखालची लाल अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना प्लायवूडचा फलक आहे. सध्या मला इस्पितळाच्या एका बंद खिडकीवर ठोकून ठेवले आहे. माझ्या पाठीशी अंधार आणि ओल, पुढ्यात हमरस्ता. लाकडाच्या तुकड्याला कसली आली जीवनकहाणी, असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण माझ्या अंगावर एका आमदाराची सगळी कारकीर्द थरावर थर देऊन रंगवलेली आहे, आणि ती माझ्याइतकी जवळून कोणी वाचलेली नाही.

उत्तर मिनेसोटातल्या हार्यू नावाच्या खाणगावात मला लोवेल केस्किनेन यांनी वखारीतून घरी आणले. लोवेल शाळेत सुतारकाम शिकवीत. त्यांची बायको मार्लिस गावच्या छोट्या इस्पितळात बाळंतपणाच्या विभागात परिचारिका होती. त्या विभागाची कोपऱ्यातली खिडकी हमरस्त्यावर उघडत असे. बाळ जन्मले की मार्लिस त्या खिडकीत लाल काचेचा दिवा ठेवायची, आणि जाणारा-येणारा प्रत्येक गाडीवाला हॉर्न वाजवून नव्या पाहुण्याचे स्वागत करायचा. खाणीतले मालमोटारवाले तर असा भोंगा वाजवीत की बाळ आणि बाळंतीण दोघे दचकत.

एके दिवशी मार्लिस कामावरून आली ती तणतणतच.

"विभाग बंद करायचं घाटतंय. म्हणे, गावात बाळं कमी जन्मतात. आता बायकांनी काय लांबच्या डुलुथ शहरापर्यंत कळा धरून बसायचं? थंडीत तो रस्ता कसा असतो माहीत आहे ना?"

"अगं, हे चूकच आहे. सरकारने छोट्या इस्पितळांना—"

"लोवेल, तू नुसती जेवणाच्या टेबलावर भाषणं ठोकतोस. जा ना सेंट पॉलला, विधानसभेत, आणि तिथे ठोक!"

"मला कोण मत देणार? अर्ध्या गावाला मी नापास केलंय."

"त्या अर्ध्या गावाची बाळंतपणं मी केली आहेत. माझं ऐकतील."

मित्रांनो, त्यांची आमदारकी जन्मली ती अशी. दुसऱ्या दिवशी मला गॅरेजमध्ये सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवे घातले गेले. घरामागच्या सौनाला, म्हणजे वाफारा घ्यायच्या खोलीला, लावून उरलेला लाल रंग होता. मार्लिसने जीभ दातांत धरून माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : बाळं इथेच जन्मतील. खाली लोवेलचे नाव. त्या दिवसाइतका मी पुन्हा कधीच देखणा दिसलो नाही.

मला हमरस्त्याच्या कडेला दोन खांबांवर उभे केले. लोक मला पाहून हॉर्न वाजवू लागले, जसे त्या दिव्याला वाजवीत तसे. लोवेल निवडून आले. आणि खोटे कशाला बोलू, पहिल्या अधिवेशनात त्यांनी जिवाचे रान केले. छोट्या इस्पितळांना मदत देणारे विधेयक त्यांनी उभे केले आणि पारही पाडले. विभाग वाचला. मी गॅरेजमध्ये परतलो तेव्हा लोवेलने माझ्या पाठीवर थाप मारली होती. फलकाच्या आयुष्यात त्याहून मोठा मान कोणता?

निवडणूक नसलेल्या वर्षी मी टेबल होतो. मुलगी करिन शाळेची शेवटची परीक्षा पास झाली तेव्हा गॅरेजमध्ये सारे गाव जेवायला आले. माझ्यावर चादर अंथरून बटाट्याचे सॅलड, हॅम आणि बनपावांचे डोंगर मांडले होते. "हिच्या वर्गातली सगळी पोरं मी याच हातांनी जगात आणलीत," मार्लिस ज्याला-त्याला सांगत होती. "आई, पुरे ना!" करिन लाजून म्हणत होती.

दुसऱ्या निवडणुकीत मला पांढरा रंग फासला गेला. खाणीतली माणसे कमी होत होती, म्हणून आता माझ्यावर निळ्या अक्षरांत आले : आधी खाण वाचवू. त्यातही वावगे काही नव्हते. गाव खाणीवरच जगत होते. तिसऱ्या वेळी पुन्हा पांढरा रंग, आणि वर : कर कमी, काम जास्त. एव्हाना लोवेलना विधानसभेच्या एका समितीचे अध्यक्षपद मिळाले होते. कोट नवा होता, आणि घरीदारी त्यांच्या बोलण्यात 'दोन्ही बाजू' हे शब्द वारंवार येऊ लागले होते. लोकांना प्रत्येक नवी घोषणा काही दिवस आवडायची. तेरड्याचा रंग तीन दिवस, दुसरे काय!

पण लाल रंगाची एक खोड असते. पांढऱ्यातून तो हळूहळू वर झिरपतो. दर निवडणुकीला माझ्या अंगावर ती पहिली अक्षरे गुलाबी होऊन पुसट दिसू लागत. लोवेल डोळे बारीक करून पाहत आणि म्हणत, "मार्लिस, अजून एक हात मार." मार्लिस मुकाट्याने मारायची.

मग ते विधेयक आले. खाणीला करात मोठी सवलत, आणि त्याच विधेयकात छोट्या इस्पितळांची मदत बंद. नवराबायकोचे बोलणे गॅरेजमध्येच झाले, माझ्यासमोर.

"राजकारणात देवाणघेवाण असते, मार्लिस. खाणच नसेल तर गावात राहणार कोण? बाळं होणार कुणाला?"

"खाणीत बाळं जन्मत नाहीत, लोवेल."

"पुढच्या अधिवेशनात मी ती मदत परत आणतो. शब्द देतो."

"तुझा शब्द?" तिने माझ्याकडे बोट केले. "तो मीच लिहिला होता. आणि मीच चुना फासल्यासारखा त्याच्यावर पांढरा रंग फासत आले."

लोवेलने हात वर केला आणि विधेयक पार झाले. त्या माणसाचा मला राग यायला हवा, पण येत नाही. त्याला खरेच वाटत होते की हातचे सोडले तरी पळते आज ना उद्या सापडेल. शिशिराआधीच विभाग बंद झाला. मार्लिसने तो लाल दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. आणि तरीही मित्रांनो, लोवेल पुन्हा निवडून आले! लोक म्हणाले, "आपलाच माणूस आहे, ओळखीचा आहे." या वेळी माझ्यावर लिहिले होते : अनुभवी. विश्वासू. आपला.

निवडणुकीनंतर मला उपटायला कोणी आलेच नाही, आणि जमीन गोठली. उत्तरेत जमीन गोठली की खांब वसंतापर्यंत हलत नाही. म्हणून मी तिथेच उभा होतो, आणि म्हणून मला ते पाहावे लागले.

करिन तेव्हा गरोदर होती. वादळाच्या दुपारी तिला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. तिच्या नवऱ्याची, टॉडची, गाडी माझ्यासमोरून डुलुथच्या दिशेने गेली. मागच्या सीटवर करिन, आणि तिचे डोके मांडीवर घेऊन मार्लिस. पुढे बर्फ बाजूला सारणारी यंत्रगाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती आणि तिला ओलांडून जायला वाटच नव्हती. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांची गाडी थांबली. मी तिच्या मागच्या लाल दिव्यांची उघडझाप पाहत राहिलो. बर्फात सगळे पांढरे झाले तरी ते दिवे दिसत होते.

सारा गाव जिच्या हातांवर जन्मला, तिच्याच हातांवर तिची नात जन्मली. गाडीत, उपकरणांवाचून, प्राणवायूवाचून. ती रडली नाही. मार्लिसने आपला कोट काढून तिला गुंडाळले आणि तोंडाने श्वास देत राहिली. टॉडने कधीच "पुरे" म्हटले होते, तरी ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी लोवेल कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे आले. खांब तोडताना ते धापा टाकत होते. मध्येच थांबून, कपाळ माझ्यावर टेकून ते म्हणाले, "मी परत आणणार होतो. खरंच आणणार होतो." मी काय बोलणार? माझ्यावर लिहिले होते तेवढेच मला बोलता येते, आणि लिहिले होते : विश्वासू.

मदत परत आणणारे विधेयक त्यांनी मांडले, मित्रांनो. शब्द पाळला. ते दुसऱ्याच समितीकडे गेले आणि तिने ते चर्चेला घेतलेच नाही. खाणीच्या सवलतीला हात लावायला कोणी तयार नव्हते, आणि खाणीने तरीही माणसे कमी केलीच. पुढची निवडणूक लोवेल लढले नाहीत. आता ते घरी खिडकीपाशी बसून असतात. करिन आणि टॉड गाव सोडून गेले. फोनवर लोवेलचा विषय निघाला की करिन आईला म्हणते, "तू कशी आहेस ते सांग, बाकीचं राहू दे."

पुढे सारे इस्पितळच बंद पडले. त्याच्या फुटक्या खिडक्या बुजवायला ब्रेंट नावाचा कामगार लाकूड गोळा करत घरी आला, तेव्हा मार्लिसने गॅरेजचे दार उघडून मला दाखवले.

"अहो मार्लिसबाई, ही तर साहेबांची आठवण. नक्की देताय?"

"ने. कोपऱ्यातल्या खिडकीला लाव."

"अक्षरं आत करू की बाहेर?"

"बाहेर," ती म्हणाली, आणि दार लावून घेतले.

आता ऊन-बर्फाने माझा पांढरा रंग पोपडे धरून गळतो आहे. आधी 'विश्वासू' गेले, मग कर, मग खाण. खालून ती लाल अक्षरे अगदी स्वच्छ वर आली आहेत. समोर रस्त्यापलीकडे नव्या उमेदवाराची प्लास्टिकची चकचकीत पाटी लागली आहे : इस्पितळ परत आणू. तिच्यावर दुसरा रंग चढवावाच लागणार नाही. निवडणूक झाली की ती फेकून देतील.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझे भाऊबंद उभे राहतील. त्यांच्यावर काय लिहिले आहे ते वाचाच, पण नख लावून खालचा थरही थोडा खरवडून पाहा. आमच्याकडे तसे कोणी पाहिले असते तर ती मुलगी वाचली असती का? मला नाही वाटत. तरी सांगून ठेवतो.

काल खाणीतला एक म्हातारा मालमोटारवाला समोरून गेला. त्याने वर पाहिले. बाळं इथेच जन्मतील. सवयीने त्याचा हात भोंग्याकडे गेला. मग त्याने तो हळूच खाली घेतला आणि गाडी पुढे नेली.