एकाच ओळीच्या नऊ हजार खेपा

मी एक निरोप्या बोलत आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, पडद्यावर माझे चित्रसुद्धा नाही. दोन ठिकाणी ठेवलेली एकच फाइल सदैव सारखी राखणे, एवढेच माझे काम. पिंप्राळ्यातल्या लॅपटॉपवर एखादे अक्षर बदलले की ते धुळ्याच्या टॅबलेटवर नेऊन ठेवायचे. धुळ्यात बदलले की पिंप्राळ्याला आणायचे. हे काम मी पडद्यामागे करतो, म्हणून माझी कोणी चौकशी करीत नाही. बॅटरी उतरली म्हणजे मात्र चोराचा शोध सुरू होतो.

तो चोर मीच. आरोप मला मान्य आहे. त्या खेपा मला कोणी घालायला लावल्या, तेवढे आपण ऐकून घ्यावे.

मला पिंप्राळ्याच्या लॅपटॉपवर आणून बसवले ते रत्नाताईंसाठी. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या. त्यांचे धाकटे बंधू ईश्वरभाऊ धुळ्याला देवपुरात राहतात आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री सुनंदाबाई त्यांच्याजवळ असतात. सुनंदाबाई सोनगीरच्या तांबट घरातल्या. भांडे बोटाने वाजवून त्याचा पत्रा कोठे पातळ राहिला आहे ते त्या सांगत, आणि त्यांचे सांगणे चुकत नसे. ही विद्या त्या घरात आता दुसऱ्या कोणाकडे नाही. तेव्हा आईने सांगावे, ईश्वरभाऊंनी लिहून घ्यावे, रत्नाताईंनी तपासावे आणि त्याची एक लहानशी पुस्तिका छापावी, असे बहीणभावांनी ठरवले. फाइलीला नाव दिले ‘आईची हकिगत’. ती नेण्याआणण्यासाठी मी.

पहिला महिना सुखाचा गेला. दिवसाला दहाबारा ओळी येत. मी त्या पोहोचवी आणि उरलेला वेळ स्वस्थ असे. बॅटरी सकाळी भरली की संध्याकाळपर्यंत पुरे.

ईश्वरभाऊ आईच्या तोंडून तिची बोली येईल तशी लिहीत. ‘बठ्ठा गाव माले वळखस’ असे सुनंदाबाई म्हणाल्या की तसेच उमटे. रत्नाताईंना ते पाहवेना. पुस्तिका चार शिकलेली माणसे वाचणार, म्हणून त्या प्रत्येक ओळ हाताने सुधारू लागल्या. ‘बठ्ठा’ चा ‘सगळा’ झाला, ‘वळखस’ चे ‘ओळखतो’ झाले, ‘शे’ चे ‘आहे’ झाले, ‘माय’ ची ‘आई’ झाली. ईश्वरभाऊंनी दुसऱ्या दिवशी ते सगळे हाताने पूर्ववत केले. दोघेही याविषयी एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. मी दोन्हीकडच्या दुरुस्त्या निमूटपणे वाहिल्या.

मग रत्नाताईंना हाताने सुधारण्याचा कंटाळा आला. लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये शब्द आपोआप बदलण्याची सोय असते. डावीकडे चुकीचा शब्द, उजवीकडे बरोबर. त्यांनी अशी एकशे चौदा शब्दांची यादी भरली. ‘याय’ असा एक शब्द त्यांना आढळला. भावाच्या हातून ‘माय’ लिहिताना अक्षर चुकले असावे, असे समजून त्यांनी त्यासमोर ‘आई’ लिहून टाकले. खात्री करून घेण्यासाठी फोन करावा, एवढे त्यांना सुचले नाही. विद्यार्थ्यांना शब्दकोश उघडायला लावणाऱ्या बाईंकडून हे व्हावे, याचा मला अजूनही राग येतो.

आठवडाभराने ईश्वरभाऊंनीही तीच सोय शोधून काढली आणि उलटी यादी भरली. ‘आहे’ समोर ‘शे’, ‘आई’ समोर ‘माय’, ‘बुडाली’ समोर ‘बुडनी’. त्यांनीही बहिणीला कळवले नाही.

येथून माझे हाल सुरू झाले. एक ओळ होती, ‘याय बुडनी का ठोकठाक बंद’. पिंप्राळ्याला ती पोहोचताच यादीने तिची ‘आई बुडाली की ठोकठाक बंद’ केली. बदल झाला, म्हणून मी तो धुळ्याला नेला. तेथल्या यादीने ‘माय बुडनी’ केले. बदल झाला, म्हणून मी तो पिंप्राळ्याला आणला. तेथे पुन्हा ‘आई बुडाली’. फाइल बंद करून ठेवण्याची सवय त्या घराण्यात कोणालाच नाही, त्यामुळे दोन्हीकडची यंत्रे चालू असतील तोवर ती उघडी. कागद एकच, ओळ एकच, आणि मी मिनिटाला चार खेपा घालीत होतो. थांबायला मला सांगितलेले नाही. मला एवढेच सांगितले आहे की फाइल सारखी राहिली पाहिजे. आणि ती सारखी होऊच शकत नव्हती.

बॅटरी दीड तासात संपू लागली. त्यावर जे उपाय झाले, ते सांगताना मला संकोच होतो. रत्नाताईंनी प्रथम भिंतीवरच्या प्लगला दोष दिला व लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला. मग पडद्याचा उजेड इतका कमी केला की त्यांना चष्म्यावर भिंग धरावे लागे. नातेवाइकांच्या लग्नांचे सगळे फोटो पुसले. नवा चार्जर आणला. शेवटी नवी बॅटरीही बसवली, आणि ती पहिल्याच दिवशी जुनीसारखी बसली. तिकडे ईश्वरभाऊ गरम झालेला टॅबलेट ओल्या पंच्यावर ठेवीत आणि माल बनावट निघाला म्हणून दुकानदाराला नावे ठेवीत. बॅटरी कोण खातो त्याची यादी सेटिंगमध्ये असते. तिच्यात माझे नाव सर्वांत वर होते. ती उघडायला दोनदा बोट टेकवावे लागते. महिनाभर तिला कोणीही बोट लावले नाही.

बॅटरीचे नुकसान मी गौण मानतो. खरे नुकसान एका दुपारी धुळ्याला झाले. सुनंदाबाईंना आता अक्षर दिसत नाही. आजवर काय लिहिले ते वाचून दाखव, असे त्यांनी मुलाला सांगितले. वाचता वाचता ईश्वरभाऊ त्या ओळीवर आले आणि त्यांनी ‘माय बुडनी का ठोकठाक बंद’ असे वाचले.

सुनंदाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवले.

“माय मी शे. मी कव्हय बुडनू? आठे खाटवर बशेल शे ना.”

ईश्वरभाऊ गडबडले. मागच्या पुढच्या ओळी चाळून, हे अक्काने, म्हणजे रत्नाताईंनी, बदलले असेल, असे त्यांनी सांगितले. सुनंदाबाईंनी हातातली माळ खाटेवर ठेवली.

“हाई मी सांगेल नही. तिले मनी बोलीनी लाज वाटस. आते मी काहीच सांगाव नही.”

आणि त्यांनी खरोखरच सांगणे बंद केले. भांड्याचे बूड कसे वळवायचे, येथवर हकिगत आली होती. वाजवून पारखण्याचे प्रकरण पुढेच होते. सोळा दिवस एकही नवी ओळ आली नाही. मी मात्र त्याच जुन्या ओळीला घेऊन धावत होतो.

सतराव्या दिवशी रत्नाताई लॅपटॉप घेऊन नासीरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. नासीरभाईंनी पेचकस हातात घेतला नाही. दोनदा बोट टेकवले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. बॅटरीच्या एकूण खर्चाचे अडुसष्ट टक्के माझ्या नावावर होते.

मला बंद करू का, असे त्यांनी विचारले. रत्नाताई घाबरल्या; आईची हकिगत त्याच्यातच आहे म्हणाल्या. तेव्हा नासीरभाईंनी मी जपून ठेवलेल्या जुन्या प्रती उघडल्या. एका फाइलीच्या नऊ हजार चारशे बारा प्रती. त्यांनी खालून वर सरकत काही वाचल्या आणि ते हसू लागले.

“मॅडम, बॅटरी एकदम ठणठणीत आहे. इथे तुमचं भांडण चालू आहे कोणाशी तरी.”

त्यांनी दुकानातूनच ईश्वरभाऊंना फोन लावायला सांगितला. बहिणीने यादी कबूल केली, भावाने यादी कबूल केली, आणि मग महिनाभराचे सगळे बाहेर आले. तू आईचे बोलणे पुसत होतीस, असे ते म्हणाले. तू मला न विचारता माझे काम उधळत होतास, असे त्या म्हणाल्या. आईने सांगणे का थांबवले तेही ईश्वरभाऊंनी सांगितले. नासीरभाईंनी मधे पडून ती ओळ प्रथम आली होती ती प्रत उघडली व मूळ शब्द दाखवले. रत्नाताईंनी चष्मा सारखा केला.

“हे ‘याय’ तू चुकून लिहिलेस ना?”

पलीकडून ईश्वरभाऊंचा आवाज आला.

“अक्का, याय म्हणजे सूर्य. याय बुडनी, म्हणजे दिवस मावळला. आपण अंगणातून घरात यायचो ना त्या वेळी. तू याय विसरली?”

फोन ठेवून रत्नाताईंनी यादी उघडली आणि एकशे चौदा शब्द एकेक करून पुसले. सगळी यादी एकदम पुसता येते, हे नासीरभाईंनी दोनदा सांगितले. त्यांनी ऐकले नाही. धुळ्याचीही यादी त्याच दिवशी गेली. मी ती ओळ, ‘याय बुडनी’ अशी, एकदाच पोहोचवली.

त्यानंतर बॅटरी दिवसभर पुरू लागली आणि माझ्यावरचा आरोप मिटला. मला त्याचे समाधान वाटले नाही. न्यायला काहीच नव्हते. ईश्वरभाऊंनी आईला सगळे समजावून सांगितले, तरी त्या बोलल्या नाहीत.

रविवारी सकाळी पिंप्राळ्याचे घर बंद झाले. रत्नाताईंनी लॅपटॉप टेबलावर उघडाच ठेवला होता, सवय. दुपारी धुळ्याकडून एक बदल आला. टंकलेखन ईश्वरभाऊंचे नव्हते. ते सावकाश होते आणि प्रत्येक शब्दानंतर थांबत होते, जसे कोणी ऐकून, पुन्हा विचारून लिहीत असावे. मी तो मजकूर उचलला आणि पिंप्राळ्याच्या रिकाम्या घरात आणून ठेवला.

‘लिख. रत्ना येल शे. बठ्ठं पहिलेपाईन सांगनं पडी.’

कोणी त्याला हात लावला नाही; ‘येल शे’ चे ‘आली आहे’ झाले नाही, ‘पहिलेपाईन’ चे ‘पहिल्यापासून’ झाले नाही. आता धुळ्याकडून पुढची ओळ येत आहे. मला निघाले पाहिजे.