वारा अंगावर घेणारा

सायकलच्या शर्यतीत एक रीत असते. जिंकणारा गडी शेवटपर्यंत मागे दडतो. त्याच्याच संघातला दुसरा कोणी पुढे राहून वारा अंगावर घेतो आणि शेवटच्या वळणावर बाजूला होतो. आमचे हे उमेदीची सगळी वर्षं बाजूला होत आले. क्लबात त्यांना बैल म्हणत. जिंकणाऱ्याला राजा.

बागेत विजेत्यांचं स्मारक झालं. सगळ्या संघाची नावं कोरली आहेत, असं क्लबातल्या कुणीतरी यांना सांगितलं. झालं, यांनी इस्त्रीचा सदरा काढला. नजर अधू, म्हणून वाचायला मी.

"तरुणपणी कधी बागेत नेलं नाहीत," मी म्हटलं.

"आता मिरव."

राजाचा पुतळा सायकलवर वाकलेला होता. पुढे कोणी नव्हतं, झेंडूचा वाफा होता. खालच्या शिळेवरची अक्षरं मी बोट ठेवून लावली. राजाचं नाव. खाली, 'एकट्याच्या बळावर अजिंक्य.'

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"नीट वाच. म्हातारपणी शिकलेलं तुझं वाचन, एखादी ओळ गाळली असशील."

मी परत वाचलं. यांनी पाणी घालणाऱ्या माळ्याला हाक मारली. त्याने घडाघडा वाचलं आणि म्हणाला, "आजींनी बरोबर वाचलं, काका. कुणाचं नाव शोधताय?"

"आमच्या ओळखीतला होता एक," हे म्हणाले.

माळी पाइप ओढत पुढे गेला. हे शिळेवर तळवा फिरवत राहिले, जणू हाताला तरी सापडेल.

एवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, सापडलं का नाव?"

"सापडलं की! राजाच्या लगेच खाली. चांगलं ठळक आहे."

"अय्या! फोटो पाठवा ना. ऑफिसात सगळ्यांना दाखवते."

फोन त्यांनी माझ्या हातात दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. मग शिळेला पाठ लावून उभे राहिले, सदऱ्याचा घेर दोन्ही बाजूंनी ओढून धरला आणि पाय फाकवले.

"दिसतंय का काही?"

"एक अक्षर दिसत नाही," मी म्हटलं.

"मग काढ."

मी फोटो काढला. मुलीला पाठवलासुद्धा. तिचं लगेच उत्तर आलं: आई, बाबांना जरा बाजूला व्हायला सांग.