लाल अंड्यांच्या पातेल्यातला वस्तरा

यिन आजीने वस्तरा अंड्यांच्या पातेल्यात टाकला, तेव्हा तिच्या मनात काही वाईट नव्हतं. नातीला महिना पूर्ण झाला होता. आज जावळ काढायचं होतं. गावात वाटायची साठ अंडी लाल पाण्यात उकळत होती आणि नदीपलीकडून आलेला क्वांग न्हावी अंगणात चहा पीत तोंडाचा पट्टा चालवत बसला होता. त्याचा वस्तरा ओट्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला. आजीला तिच्या सासूचं बोलणं आठवलं. लाल पाण्यातून निघालं की लोखंडाचा राग उतरतो, असं सासू सांगायची. मग काय, उचलला, उघडला आणि सोडला आत. वर झाकणही ठेवलं.

अर्ध्या तासाने चिमट्याने बाहेर काढला, तर लाकडी मूठ फुगलेली, पातं गुलाबी आणि धारेला तीन दाते. खदखदत्या पाण्यात पातं बिडाच्या बुडावर आपटत राहिलं होतं. तिने वस्तरा पुसला, होता तसा फडक्यात गुंडाळला आणि अंडी निथळायला घेतली. हे काही शहाणपणाचं नव्हतं, पण घाबरलेलं माणूस हातातलं काम सोडत नाही.

क्वांगने फडकं उलगडलं आणि त्याचं बोलणं थांबलं. बायको वारली त्या दिवशीही जो माणूस तिरडी बांधणाऱ्यांना गाठी कशा माराव्यात ते सांगत होता, तो गप्प झाला.

दारातल्या शेजारणी मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "अगं बाई, म्हातारा गंजका वस्तरा घेऊन आला!"

"डोळे गेले त्याचे. कधीपासून म्हणतेय मी."

सून श्युनलान बाळाला छातीशी धरून उंबऱ्यात आली. तिने पात्याकडे पाहिलं. "याने? माझ्या लेकीची टाळू अजून भरली नाही, आणि हे फिरवणार तिच्यावर? राहू दे जावळ. मी दुपारच्या होडीने आईकडे जाते."

जाणार ती होतीच. महिना संपला की बाळंतीण माहेरी जायची, ती रीतच होती. पण जावळ माथ्यावर सूर्य यायच्या आत उतरायला हवं. जावळासकट माहेरी गेलेली सून परत आली तरी मनाने परत येत नाही, असं त्या काठावर सगळेच मानायचे. आणि महिनाभर या दोघींचं काय कमी वाजलं होतं? खिडकी उघडी की बंद, आंघोळ आज की उद्या, प्रत्येक गोष्टीत आजीचं एक आणि सुनेचं दुसरं. आजीने या महिन्यात नातीला मांडीवर घेतलं असेल ते चार वेळा, तेही सून झोपलेली असताना.

आता आजी नुसती गप्प राहिली असती तरी पुरे होतं. सगळा दोष आपोआप म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर गेला असता. क्वांगने मान खाली घातली होती आणि तेच तिला सोसेना.

"मी टाकला," ती म्हणाली. "अंड्यांच्या पातेल्यात. शुभ असतं म्हणून."

शेजारणींच्या तोंडाचा आ झाला. श्युनलान सासूकडे बघतच राहिली. क्वांगने हळूच मान वर केली.

"वहिनी, चाळीस वर्षं हा धंदा करतोय. वस्तऱ्याचं कालवण करणारी तुम्हीच पहिली."

"हसू नका हो भावजी. धारेचा दगड आहे ना बरोबर?"

"जावळाला जाताना दगड नेत नाही मी. बाळाच्या दारात ओझं नेऊ नये. पहाटे धार लावली आणि निघालो." त्याने अंगणभर नजर फिरवली, कधी न पाहिल्यासारखी. "वाडगे असतील ना घरात? सगळे आणा. पालथे घाला."

आजीने बारा वाडगे पालथे मांडले. क्वांगने प्रत्येकाच्या बुडाच्या कड्यावरून अंगठा फिरवला. चिनी मातीचं ते कडं, भट्टीत जिथे काचेची झिलई चढत नाही तेवढंच, खरखरीत. सर्वांत जाडाभरडा लोणच्याचा वाडगा त्याने उचलला, कड्यावर पाणी शिंपडलं आणि पातं टेकवलं.

आवाज असा आला की आजीचे दात शिवशिवले. खर्र, खर्र. एक दाता गेला. दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला. मग त्याने भाताचा वाडगा घेतला, मग चहाचा लहान पेला. कडं जसं बारीक होत गेलं, तसा आवाजही बारीक झाला. याच वाडग्यांत आजी तीस वर्षं भात वाढत होती, घासत होती, रागाच्या भरात आदळतही होती. त्यांच्या बुडाशी हे दडलंय, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"राख," क्वांग म्हणाला. "चुलीची नको, जाडी असते. उदबत्तीची."

आजी देव्हाऱ्याशी गेली. नवऱ्याच्या आणि सासूच्या नावाने लावलेल्या उदबत्त्यांची वर्षानुवर्षांची राख त्या भांड्यात साचलेली. तिने हात जोडले, मूठभर राख काढली आणि पातळ कापडातून गाळून दिली. क्वांगने बांबूचा एक तुकडा उभा चिरला, आतल्या गुळगुळीत अंगाला राख आणि दोन थेंब तेल चोळलं, आणि पातं त्यावरून ओढू लागला. पुढे, मागे, पुढे, मागे. गुलाबी रंग कधीच गेला होता. आता पात्यात आभाळ दिसायला लागलं. मग वर्तमानपत्राची घडी. शेवटी स्वतःचा तळहात. आता काहीच ऐकू येत नव्हतं. हात मात्र चालत होता.

आजी वाकून त्या हाताकडे बघू लागली. हा बडबड्या, उधारीवर दारू पिणारा म्हातारा. याला आपण कधी नीट बसायला पाटही दिला नाही.

सूर्य छपराच्या कण्याला टेकत आला होता. क्वांगने श्युनलानकडे पाहिलं. तिने बाळ आणखी घट्ट धरलं.

"आधी माझ्यावर," आजी म्हणाली आणि खाली बसली. मानेवरचा अंबाडा तिने वर उचलला. "गाढवपणा मी केला. कापलं तर माझं कापू दे."

क्वांग तिच्या मागे गेला. ती डोळे मिटून वाट पाहत राहिली. बराच वेळ झाला.

"अहो, करा की सुरू."

"झालं की वहिनी."

तिने मानेवरून हात फिरवला. कातडी बाळाच्या गालासारखी लागली. क्वांगच्या तळहातावर तिच्या मानेवरची पांढरी लव पडली होती, इतकी हलकी की त्याच्या श्वासानेच उडाली. श्युनलान दोन पावलं पुढे आली, वाकली आणि सासूच्या मानेकडे अगदी जवळून पाहिलं. बोटही फिरवलं. मग तिने बाळ आजीच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही धरा, आई."

आजीने ते इवलं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. क्वांगने कोमट पाणी लावलं आणि वस्तरा टेकवला. केस निघत होते आणि लाल फडक्यावर पडत होते. कपाळावर ठेवायची बट त्याने राखली. तो टाळूपाशी आला. तिथे हाड नाही, कातडीखाली नुसता जीव धडधडतो, वर, खाली. क्वांगने पातं दाबलं नाही, उचललंही नाही. ते त्या धडधडीबरोबर वर येत होतं, खाली जात होतं आणि पुढे सरकत होतं. जणू बाळच त्याला चालवत होतं. बाळाने जांभई दिली. पातं थांबलं, जांभई संपू दिली, आणि पुन्हा चाललं.

क्वांगने वस्तरा पुसून मिटला. आजी तशीच बसून होती, नजर टाळूवर, हात जागच्या जागी.

श्युनलान तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि तिने सासूच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, झालं. आता तरी श्वास घ्या."