भाषणाची कवळी

दातमास्तर तसा गुणी माणूस, पण आपल्या कामाचं कौतुक ऐकल्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही. उभा जन्म कवळ्या बनवण्यात गेला, गावातलं एकूण एक बोळकं ओळखीचं; तरी नवी कवळी झाली की पोरगी पहिली आल्यासारखा चारचौघांना दाखवत फिरायचा.

या खेपेची कवळी होती शाळेपासूनच्या दोस्ताची. दोस्त दूरच्या एका जुन्या विद्यापीठाच्या शहरात प्राध्यापक. त्याचं निरोपाचं व्याख्यान उद्यावर आलेलं, आणि नेमकी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. फोनवर तो काय बोलतोय ते शेजारी उभ्या त्याच्या बायकोलाही कळेना, पण दातमास्तरला अक्षर न् अक्षर कळलं. बोळक्यांचं बोलणं ऐकण्यातच त्याचे कान तयार झाले होते. साचा त्याच्याकडे होताच. हातातली कामं बाजूला सारून त्याने कवळी केली, डबीत घातली आणि सकाळची गाडी पकडली.

पोहोचेपर्यंत डबी उघडायची नाही, असं निघताना दातमास्तरला त्याच्या बायकोने बजावलं होतं. पण समोर बसलेले आजोबा पाण्यात बुडवून बिस्किट चघळत होते, ते याला बघवेना. विषय निघाला, डबी निघाली. कवळी अख्ख्या डब्यात फिरून आली. आजोबा म्हणाले, मला मेली कुठलीच धड बसत नाही. झालं! घाला की, म्हणाला हा, धुऊन घेऊ नंतर.

आता एकाच्या मापाची कवळी दुसऱ्याला बसू नये, पण नशीबच फिरलं की काय सांगावं. बसली. आजोबांनी शेजारणीकडून सफरचंद मागून घेतलं आणि कराकरा खाल्लं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दातमास्तर इतका तृप्त झाला, की त्याचा डोळाच लागला.

जाग आली तेव्हा गाडी हलत होती. फलाटावर आजोबा सुनेच्या हाती पिशवी देत होते. याला बघून त्यांनी हात हलवला आणि झकास हसले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात दिसले. हा साखळीकडे धावेपर्यंत फलाट मागे पडला होता.

दोस्त तोंडाला रुमाल लावून स्टेशनवर आला होता. डबी त्याने उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग सगळी हकीकत ऐकून रुमालाआडून जे बोलला ते फक्त दातमास्तरला कळलं, आणि ते इथे सांगण्यासारखं नाही.

दगडी कमानींखालून, झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवरून दोघं सभागृहाकडे चालले. सभागृह गच्च भरलेलं. जुने विद्यार्थी कुठून कुठून आलेले. दारातच दोस्ताचे डोळे भरून आले. आयुष्यभर इथे बोललो आणि जाताना मुक्याने जायचं, असं तो पुटपुटला.

"तू बोल," दातमास्तर म्हणाला. "मी लोकांना सांगतो."

विषय होता नद्या पात्र का बदलतात. दातमास्तरला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक शब्द सुटला नाही. दोस्त पुटपुटायचा, हा खणखणीत आवाजात सांगायचा. लोक माना डोलावू लागले तसा गडी खुलला, हातवारे करू लागला. आणि त्याच भरात गर्जला, "माझ्या शेजारी उभा आहे तो गाढव, ज्याने फुशारकीपायी माझे दात गाडीत भलत्याच्या तोंडात घातले!"

आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. सभागृह हसून लोटपोट. दोस्तानेही रुमाल खाली ठेवला आणि बोळकं उघडं टाकून हसला.

हशा ओसरल्यावर दोस्त हळूच आणखी एक वाक्य बोलला, "पण या गाढवाइतकं मला कुणीच समजून घेतलं नाही."

सगळे दातमास्तरकडे बघत राहिले. तो आ वासून तसाच उभा.

"सर काय म्हणाले?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"काही नाही," दातमास्तर म्हणाला. "पाणी हवंय म्हणतो."

कुणीतरी लगबगीने पेला आणून दिला. तो दातमास्तरने स्वतःच घटाघटा पिऊन टाकला.