दोरीचं दुसरं टोक

मी एक जुनी कप्पी आहे. विहिरीवरची नव्हे, तेवढा मान माझ्या नशिबी कुठला? मी आखडलेला खांदा सोडवणारी कप्पी. मित्रांनो, माझ्या चाकावरून एक दोरी जाते आणि दोरीच्या दोन्ही टोकांना मुठी आहेत. एक मूठ दुखऱ्या हातात धरायची, दुसरी धडधाकट हातात. धडधाकट हाताने खाली ओढलं की दुखरा हात वर जातो. फार दुखलं की थांबायचं. एवढंच माझं काम.

एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला एका बाईंच्या घरी आणलं. बाई बाहेरच्या खोलीत पार्लर चालवत. त्यांचे स्वतःचे केस कमरेखाली जात आणि तीच त्यांच्या दुकानाची जाहिरात होती. उजवा खांदा आखडला आणि त्यांना स्वतःची वेणीही घालता येईना, मग गिऱ्हाइकांची कुठून घालणार? मला दाराला टांगताना ताई म्हणाल्या, "वेळ लागेल, पण सुटेल. घाई करू नका. आणि दोन्ही मुठी तुमच्याच हातात, बरं का."

बाईंचे यजमान शाळेत कवायत शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. पोरांच्या पाठी दाबून दाबून त्यांचे हात पायाच्या अंगठ्याला टेकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांना माझं काम पोरखेळ वाटलं.

"अगं, अशाने काय सुटणार? आण ती मूठ इकडे."

शिट्टी वाजली की ते ओढत आणि पुन्हा वाजवेपर्यंत सोडत नसत.

"अहो, पुरे! जीव जातोय माझा."

"दुखतंय ना? म्हणजे लागू पडतंय."

मला फार वाईट वाटे. पण जो ओढेल त्याच्यासाठी कप्पीला फिरावंच लागतं. एका संध्याकाळी बाईंच्या खांद्यात काहीतरी टरकन फाटलं. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत, नुसत्या खाली बसल्या.

ताईंनी खांदा तपासला आणि विचारलं, "दुसरी मूठ कुणी धरली होती?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

"मीच," बाई म्हणाल्या. "माझीच घाई नडली."

"सांगून ऐकतच नाही हो ही," मास्तर म्हणाले.

तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. पार्लर बंद पडलं. रोज वेणी कोण घालणार म्हणून मास्तरांनी बाईंच्याच कात्रीने त्यांचे केस मानेपाशी कापले. "कटकट मिटली," म्हणत केरात टाकले. माझ्या दोरीवर ओले टॉवेल वाळू लागले आणि माझं चाक गंजलं.

मग मास्तरांचाच खांदा आखडला. त्यांनी टॉवेल काढले, मला तेल घातलं, शिट्टी खुंटीला अडकवली आणि दोन्ही मुठी स्वतःच्या हातात घेतल्या. जरा कळ आली की थांबत. "असल्या दुखण्यात घाई करून चालत नाही," असं बाईंनाच समजावत. बाई डाव्या हाताने त्यांच्यापुढे चहा ठेवत.

मित्रांनो, मला तेल घातलं नाही तरी चालेल, खुशाल गंजू द्या. फक्त ज्याचं दुखणं आहे, त्याच्या हातातली मूठ काढून घेऊ नका.

परवा मास्तरांनी आरशापुढे उभं राहून, आखडला होता त्याच हाताने भांग पाडला. मागे बाई उभ्या होत्या.

"बघ," ते म्हणाले, "नीट व्यायाम केला की सगळं बरं होतं."