दोरखंडांची खोली

मावशी नौदलाच्या कचेरीत कारकून होती. युद्धात समुद्राची नाकेबंदी झाली, तेव्हा पकडून आणलेल्या जहाजांची नोंद तिच्याकडे आली. जहाज कुणाचं, माल काय, खलाशी किती.

एकदा एक जुनाट मालवाहू जहाज आलं. यादीत बावीस खलाशी, पण छावणीत पाठवताना सह्या झाल्या एकवीस. मावशी कागद घेऊन साहेबांकडे गेली.

"आधीच्या बंदरात उतरला असेल कुठेतरी," साहेब म्हणाले.

"एकदा जहाजावर बघून आलं तर?"

"बाई, त्याला सील लागलंय. परवा ते बंदराच्या तोंडाशी बुडवायचंय, शत्रूची वाट अडवायला. एकवीस लिहा आणि मोकळ्या व्हा."

तिने एकवीस लिहिलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी कचेरीतली सगळी मंडळी चहाचे कप घेऊन खिडकीशी जमली. जहाज बसकण मारल्यासारखं खाली गेलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

दोन महिन्यांनी ती कामासाठी छावणीत गेली. त्या जहाजाचा म्हातारा आचारी एव्हाना आपली भाषा मोडकीतोडकी बोलायला शिकला होता. त्याने तारेपलीकडून विचारलं, "बाई, आमचा बहिरा कुठेय? ताप होता त्याला. दोरखंडांच्या खोलीत झोपवलेला. तुमच्या शिपायांना ओरडून सांगितलं, कुणाला कळलंच नाही."

मावशीने त्याच दिवशी अर्ज लिहिला, जहाज वर काढून बघा म्हणून.

साहेबांनी तिचा अर्ज खणात टाकला. "युद्ध संपू दे," म्हणाले.

त्यानंतर मावशी कुलूप लावण्याआधी घरातली एकेक खोली उघडून बघायची. न्हाणीघर, माळा, कपड्यांचं कपाटसुद्धा. आम्ही भाचरं फिदीफिदी हसायचो. आई डोळे वटारायची.

युद्ध संपलं आणि वाट मोकळी करायला जहाज वर काढलं. बहिरा सापडला. मावशीने नोंदवहीतला आकडा सगळ्यांदेखत खोडून बावीस केला आणि खाली सही ठोकली. बहिऱ्याला एक बहीण होती. तिला मावशीने स्वतःच पत्र लिहिलं. एक माणूस कमी आहे हे मला ठाऊक होतं, हेही लिहिलं.

चार महिन्यांनी उत्तर आलं. शिव्या नाहीत, शाप नाही. एकच ओळ: तो झोपेत होता का?

बहिरा ज्याला सापडला होता, त्या पाणबुड्याला गाठायला मावशी गोदीत गेली.

"नका विचारू, बाई."

"सांगा."

"दाराशी होता," तो म्हणाला.

त्या आठवड्यात मावशीने किती कागद फाडले, देव जाणे. शेवटी लिहिलं, "हो. गाढ झोपेत होता."

टपालपेटीपर्यंत आई तिच्यासोबत गेली. पाकीट आईनेच आत टाकलं. मावशीचा हात वर होईना.