चंद्रभागाबाईंच्या आवाजाची जागा

या, सरका पुढे, इतक्या लांबून काय ऐकू येणार? हरीचं नाव घ्या आणि जैनाबादच्या केळी पिकवायच्या खोलीची गोष्ट ऐका.

खोली मनोजभाऊंची. तिथला गारवा एक छोटं यंत्र राखतं, त्याचा प्रोग्राम सिंधीपुऱ्याच्या रश्मीनं लिहिलेला. भाऊंची आई चंद्रभागाबाई भजनात रंगायची, पण खोली तापली की कामावरच्या पोरांना फैलावर घ्यायची. ती गेली, तसे भाऊ म्हणाले, "रश्मी, खोली तापली की वाजतो त्या भोंग्याऐवजी आईचा आवाज टाक. रागावलेला, अन् एक भजन पण. मोबाइलमधी आहे."

तिनं टाकला. दुसऱ्याच सकाळी फोन! "अगं, खोलीची भट्टी झाली! मशीन गप्प, आई पण गप्प. माल उकडला तर मी काय टाळ कुटू?"

रश्मी धावली. हातानं कूलिंग चालू केलं आणि क्रेटवर लॅपटॉप उघडला. प्रोग्रामात सूचना असतात, आकडे असतात, आवाज असतो. कोणाला मेमरीत कोणत्या पत्त्यावर बसवायचं ते लिंकर नावाचा दुसरा प्रोग्राम ठरवतो. कीर्तनात सतरंजीवर माणसं बसवणाऱ्यासारखा, एकाला लागून दुसरा. रश्मीनं खोलीचं ठरवलेलं तापमान शेवटच्या पत्त्यावर ठेवलं होतं, पण लिंकरला सांगितलंच नव्हतं. रुमाल न टाकता जागा धरली म्हणा ना! भजन लांबलचक, त्याचं शेपूट तिथंच जाऊन बसलं. यंत्रानं त्या सुराचा भलामोठा आकडाच ठरवलेलं तापमान मानला. मग त्याच्या लेखी खोली थंडच.

"चूक माझी, भाऊ." तिनं लिंकरच्या फाइलीत ती जागा राखून ठेवली. लगेच लिंकर अडला: आता एवढं सगळं मावत नाही.

"मेमरी वाढव ना!"

"या बोर्डात नाही वाढत. भजन काढू की रागावणं?"

मनोजभाऊंनी क्रेटमधली एक फणी चाचपून पाहिली. "भजन काढ. ते तर तिच्या साऱ्या भजनी मंडळाकडं आहे. रागवायची ती फक्त आम्हालाच."

लिंकरनं निमूट सगळ्यांना बसवलं. रश्मीनं मुद्दाम दार उघडं ठेवलं, तापमान चढलं आणि यंत्र गरजलं, "अरे मेल्यांनो, दार लावा आधी!"

आत काम करणारे दोघं दचकून दाराकडे पळाले. मनोजभाऊ हसता हसता तोंड फिरवून उभे राहिले.

माल वाचला, माउली. तेव्हा पिकलेलं केळं सोलाल, तर घासाआधी एकदा चंद्रभागाबाईंची आठवण काढा.